ग्राइंडर बदलायचा की मशीन

तुमच्या बाबांनी मला दोन फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "आई, दोन्हीतलं एक सांग. अप्पांना विचारलं तर ते काहीच नको म्हणतील." एका फोटोत स्टीलचं मोठं एस्प्रेसो मशीन होतं, दुसऱ्यात काळा, उभट ग्राइंडर. त्यानंतर तुम्ही दोघांनीही फोनवर विचारलंत, आज्जी, ठरलं का? मी म्हणाले, विचार करतेय. तुम्हाला वाटलं असेल आज्जी टाळतेय, आणि मी टाळतच होते. तुमचे आजोबा शेजारी बसलेले असताना फोनवर देता येईल असं ते उत्तर नव्हतं. आता लिहितेय ते त्यांना सांगून लिहितेय. लिही म्हणाले, फक्त रडगाणं करू नको.

कर्नाटकाच्या सीमेवरच्या या हुलसुरात कॉफी पिणारं घर आमचंच. हे गाव चहाचं. बाजारात चहा, सोयरिकीच्या बैठकीत चहा, मौतीला आलेल्यांना चहा. आजोबांना कॉफी लागली ती नोकरीत, मलनाडात, कॉफीच्या मळ्यांच्या मुलखात, बदली झाली तेव्हा. निवृत्तीनंतर आम्ही त्यांच्या गावी, इथे, घर बांधून आलो तेव्हा सामानात पितळी फिल्टर होता. पुढे तुमच्या बाबांनी परदेशातून सुट्टीला येताना हे छोटं मशीन आणि ग्राइंडर आणला. तुम्ही दोघं दुधाचा फेस नाकाला लावून गच्चीवर पळत होतात, ती सुट्टी.

मला घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागते, यावरून तुम्ही माझी चेष्टा करता. कॉफीच्या बाबतीत मात्र आजोबा माझ्याहून कडक. ज्यांनी कधी नीट पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बिया ग्राइंडरमध्ये दळायच्या, ती भुकटी हँडलच्या वाटीत भरून दाबायची, हँडल मशीनला अडकवायचं, मग मशीन तिच्यातून गरम पाणी जोराने ढकलतं. भुकटी फार बारीक असली तर पाणी अडतं आणि कॉफी थेंब थेंब, कडूजहर उतरते. जाड असली तर पाणी पळतं आणि कॉफी आंबट, पाणचट होते. म्हणजे सगळी मेख दळण्यात. आजोबा ते नाकाने करत. दळता दळता चिमूटभर भुकटी तळहातावर घ्यायची, हुंगायची, ग्राइंडरचं जाड-बारीक ठरवणारं कडं एक घर इकडे किंवा तिकडे सरकवायचं. मी शाळेत मराठी शिकवणारी; कधी विचारलं, कशावरून कळलं, तर म्हणायचे, "तुझ्या व्याकरणात न्हाई ते."

रोज सकाळी शेजारचे सर यायचे. ते आपल्या गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. घरची बुद्धवंदना आटोपली की चपला पायात घालून थेट आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी. त्यांच्या घरी साखर बंद आहे म्हणून आमच्याकडे दोन चमचे घालून घेतात, हे त्यांच्या मंडळींना सांगू नका.

गेल्या पावसाळ्यानंतर कॉफी बिघडू लागली. आधी जरा कडू, मग फारच. मशीन कण्हल्यासारखा आवाज करायचं आणि कपात डांबरासारखं काहीतरी टपकायचं. सरांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अण्णा, ही काफी हाय का काढा? मला ताप न्हाई हो आला."

"ग्राइंडरचे दात झिजलेत," आजोबा म्हणाले.

"दात तर माझे बी झिजलेत. मी कुठं असं कडू बोलायलोय?"

आजोबा हसले नाहीत. त्यांनी कडं आणखी एक घर बारीककडे सरकवलं. मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं, कारण कडू झालेली कॉफी सुधारायची तर जाड दळायचं, हे मलासुद्धा माहीत होतं. ते उलट्याच दिशेने जात होते.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबांची आणि आजोबांची चर्चा सुरू झाली. बाबा म्हणायचे, आधी ग्राइंडर बदला, दळणच नीट नसेल तर महागडं मशीन काय करणार. आजोबा आता म्हणायचे, दात नाही, मशीनचा जोर गेलाय, कॉफीत काही उतरतच नाही. दोघंही कॅमेरा आपापल्या भुकटीवर धरायचे आणि स्क्रीनवर मला दोन काळे ढीग दिसायचे. आजोबा शेवटी चिडून म्हणायचे, "तू तिथं बसून मला इथलं दळण शिकवायलास व्हय?" तुमचे बाबा हसायचे. त्यांना हे वडलांशी जुनं भांडण परत मिळाल्यासारखं वाटत होतं, आणि म्हणूनच ते फोटो आले. मुलाला वडलांसाठी काहीतरी आणायचं होतं. ते मी कसं मोडणार?

मी माझ्या पद्धतीने एकेक कारण वगळायला घेतलं. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, म्हणून मशीनमधून लिंबूसत्त्वाचं पाणी फिरवलं आणि पुढे फक्त फिल्टरचं पाणी वापरायचं ठरवलं. बिया शिळ्या असतील म्हणून नव्या मागवल्या. ग्राइंडर उघडून आतलं जुनं तेलकट पीठ ब्रशने काढलं. इतकं झाल्यावर, आजोबा अंघोळीला गेलेले असताना, कडं पूर्वीच्या जागी नेऊन मी स्वतः एक कप काढला. तो चांगला उतरला. मला कॉफीतलं फार कळत नाही, पण चांगलं आणि वाईट एवढं कळतं. मी तोच कप त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी घोट घेतला. कपात पाहिलं. उठून उरलेली कॉफी बेसिनमध्ये ओतली.

"नुसतं गरम पाणी हाय हे. काहीच न्हाई ह्यात."

मला राग आला. एवढी खटपट मी केली होती. मी म्हणाले, "मग मागवा तुमचं नवं मशीन." त्या दिवशी मी तुमच्या बाबांना मशीनचं नाव कळवणारच होते. ते राहिलं, कारण पाहुणे आले.

त्यानंतरच्या एका सकाळी सर नेहमीप्रमाणे बसले होते. आजोबा कपातली कॉफी चमच्याने नुसती ढवळत होते. सर म्हणाले, "अण्णा, कामून असलं तोंड केलाव?"

"वासनाच न्हाई ऱ्हायली, सर," आजोबा म्हणाले.

सरांनी टेबलावर थाप मारली. "ह्या वयात ऱ्हायली असती तर पंचायत झाली असती! अक्का, तुमची काही तक्रार?"

"माझं वय बघून बोला," मी म्हणाले. तरी मला हसू आवरलं नाही. सर हसता हसता खोकायला लागले. आजोबाही हसले. मला वाटलं, चला, बऱ्याच दिवसांनी यांनी विनोद केला.

तुम्हाला हा विनोद कळावा म्हणून थोडं भाषेचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी उदगीरची. माझ्या मराठीत वासना म्हणजे इच्छा, आणि चारचौघांत उच्चारू नये तसली इच्छा. फार तर अन्नावरची वासना उडाली असं आजारी माणसाबद्दल म्हणतात. आजोबांची शाळा कन्नड, घर मराठी, बाजार दखनी. कन्नडमध्ये वासने म्हणजे साधा वास. त्यांच्या आईच्या तोंडी तो शब्द आमच्या लग्नानंतर मी ऐकला होता. देवाला वाहायचा मोगरा हातात घेऊन त्या म्हणाल्या होत्या, "काय वासना हाय गं ह्या फुलाला!" आणि मी, नवी सून, पदर तोंडावर धरून हसू दाबत होते. हे सगळं मला माहीत असून त्या सकाळी मी तो शब्द उदगीरच्याच कानाने ऐकला. सर मराठी शाळेचे, त्यांनीही तसाच ऐकला.

मग वरण करपलं. मी गॅसवर बारीक आचेवर वरण ठेवून गच्चीवर मिरच्या उलटायला गेले होते. "लक्ष ठेवा" म्हणून आजोबांना सांगितलं होतं. ते स्वयंपाकघरातच होते, टेबलावर ग्राइंडर उघडून बसलेले, शेगडीकडे पाठ. मला गच्चीवर जळका वास आला. आधी वाटलं शेजाऱ्यांचं काही असेल. खाली आले तर स्वयंपाकघर धुराने निळं झालं होतं आणि त्यात आजोबा चष्मा कपाळावर चढवून ब्रशने ग्राइंडरचे दात साफ करत होते.

मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. ओरडलेच. "अहो, तुम्ही इथे बसलाय ना? वास आला नाही?"

त्यांनी मागे वळून पातेल्याकडे पाहिलं. धूर पाहिला. मग ब्रश खाली ठेवला.

"म्हणलो की त्या दिवशी. वासना न्हाई म्हणून."

मी खुर्चीवर बसले. खिडकीतून धूर बाहेर जात होता आणि आम्ही दोघं त्याच्याकडे पाहत होतो.

"मग नीट सांगायचं ना," मी म्हणाले.

"खरं तेच सांगितलो. तुम्ही हसलाव. म्हणलं, बरं झालं, सुटलो."

मुलांनो, मला त्या क्षणी त्यांचं वागणं पूर्ण कळलं, आणि त्याने धीर आला नाही, उलट भीती वाटली. वासाबरोबर कॉफीची चवही गेली होती, म्हणून ते अधिकाधिक बारीक दळत होते, जास्त भुकटी दाबत होते. रेडिओ ऐकू येईना म्हणून माणूस आवाज वाढवत नेतो, तसं. मशीनचा जोर गेला नव्हता, ग्राइंडरचे दातही झिजले नव्हते. मी एकेक कारण वगळत गेले होते आणि उरलेलं कारण माझ्यासमोर कप धरून बसत होतं.

मी म्हणाले, उद्याच कलबुर्गीला डॉक्टरकडे जाऊ.

ते म्हणाले, "आधी पोराचा ग्राइंडर येऊ दे."

"ग्राइंडरचा काय संबंध आता?"

"नव्यानं बी न्हाई झालं तर बघू. आन पोराला सांगू नको. तो लगेच विमानात बसंल."

आता तुम्हाला कळेल, ते दोन फोटो माझ्या फोनमध्ये पडून का राहिले. मी ग्राइंडर म्हटलं असतं, मशीन म्हटलं असतं, काहीही म्हटलं असतं तरी ते यायला महिना लागला असता, आणि तो महिना आजोबांना हवा होता. खोकं येईल, उघडू, जुळवू, बिघडवू, पुन्हा तुमच्या बाबांशी वाद घालू, तोवर नाकाचं नाव कुणी काढणार नाही. मलाही तो महिना नको होता असं नाही. डॉक्टरने काही सांगेपर्यंत काहीच झालेलं नसतं, हे मीही स्वतःला समजावून पाहिलं. पण घरात गॅस आहे, आणि तो गळला तर पहिल्यांदा नाकाला कळतं. मी शेगडी फक्त माझ्या हाताने पेटवायची असं ठरवून टाकलं. त्यावर ते भडकले. "मी काय ल्हान पोरगं हाय?" दोन दिवस आमच्यात जेवायला चला आणि दार लावा एवढंच बोलणं झालं.

अबोला त्यांनीच मोडला. मी मसाल्याचे डबे पुसत होते. ते आले, खुर्ची ओढली, डोळे मिटले आणि म्हणाले, "घे. परीक्षा घे तुझी."

मी लवंगेचा डबा नाकाशी धरला. ते म्हणाले, "काय की." दालचिनीला म्हणाले, "लवंग?" हिंगाला नुसती मान हलवली. कापूर धरला तेव्हा म्हणाले, "हे टोचायलंय. कापूर असंल." मी शाळकरी मुलाला शाबासकी द्यावी तसं बरोबर म्हणाले. मग कॉफीच्या बियांचा डबा उचलला. तो त्यांच्या नाकापर्यंत पोचायच्या आत त्यांचा चेहरा उजळला.

"काफी!"

मला वाटलं तिथेच थांबावं. डबा मिटून ठेवावा. पण डबा उचलताना आत बिया खुळखुळल्या होत्या, आणि ते मला ऐकू आलं होतं.

"आवाज ओळखलात तुम्ही," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे नाही, डब्याकडे पाहिलं. "तू बाई पेपर तपासायचं सोडणार न्हाईस," म्हणाले. मग बराच वेळ बोटाने टेबलावरची रेघ खोडत बसले. ती लाकडातलीच रेघ होती.

त्या रविवारी तुमच्या बाबांचा फोन आला तेव्हा तुम्ही झोपला होतात. बाबांनी नेहमीसारखं विचारलं, "मग अप्पा, मशीन की ग्राइंडर? आई काही सांगेना." मी आजोबांकडे पाहिलं. मी बोलणार नाही हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, आणि मी खोटंही बोलणार नाही हेही.

आजोबा म्हणाले, "काही नको. दोन्ही ठीक हायेत. मलाच वास यीना झालाय."

तुमच्या बाबांनी विचारलं, "कधीपासून?" आजोबांनी फोन माझ्याकडे दिला आणि उठून अंगणात गेले. पुढचं मी सांगितलं. तुमचे बाबा खरंच विमानाचं बोलू लागले. मी म्हटलं, थांब, आधी कळू दे काय आहे ते.

काय आहे ते अजून पूर्ण कळलेलं नाही. कलबुर्गीच्या नाकाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. नाकात काही अडकलेलं नाही, म्हणाले. वयाने होतं, एखाद्या जुन्या सर्दीनेही होतं, कधी कधी मेंदूच्या एखाद्या आजाराची ही आधीची खूण असते. ते तिसरं त्यांनी माझ्याकडे पाहत, हळू आवाजात सांगितलं. आजोबांचं नाक गेलंय, कान नाही. परतताना गाडीत ते म्हणाले, "तिसरं काय म्हणला त्यो?" मी ते पुन्हा, जसंच्या तसं सांगितलं. हुमनाबाद आलं तेव्हा म्हणाले, भूक लागली.

हैदराबादला पुढच्या तपासण्या व्हायच्या आहेत. तोपर्यंत मला काळजी वाटते आणि ती मी तुमच्यापासून लपवत नाही. त्यांचा हात थरथरतो का, चालताना पाय घासतो का, हे मी पाहत राहते, आणि मी पाहते हे त्यांना कळतं. "माझी चाल काय बघायलीस, लग्नाला मुलगी दाखवायलेत व्हय?" असं परवा म्हणाले.

तर, मशीन की ग्राइंडर, याचं माझं उत्तर: दोन्ही नको. पैशाचा प्रश्न नाही. या जुन्या ग्राइंडरचं कडं त्यांच्या बोटांना पाठ आहे. कुठल्या घरावर मोटार कशी वाजते, भुकटी बोटांत कशी लागते, हे त्यांना न हुंगता कळतं. नवा आला तर सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल, आणि ज्याने शिकायचं ते नाक आता नाही. जे हाताला येतंय ते मी काढून घेणार नाही. तुमच्या बाबांना हे पटलंय. पटलंय असं म्हणाले तरी.

आज सकाळी ते दळायला बसले. चिमूटभर भुकटी सवयीने तळहातावर घेतली, नाकापर्यंत नेली आणि मध्येच थांबून हात माझ्यापुढे केला.

मी वाकून वास घेतला. आयुष्यभर मी पोरांना वर्णनं लिहायला शिकवली. म्हटलं, आता यांना नीट सांगावं. मी म्हणाले, "भाजलेल्या शेंगांच्या टरफलासारखा आहे. आणि थोडा गुळाच्या काहिलीजवळ येतो तसा, पण गोड नाही, जरा..."

"लई सांगू नको," ते म्हणाले. "बारीक करू का जाड, तेवढं बोल."

मी पुन्हा हुंगलं. खात्री नव्हती.

"जाड करा," मी म्हणाले.